‘यात नवीन काय?’: उभयचर संशोधनाला निधी देणाऱ्या समित्यांना खुले पत्र

मान्यवर सदस्यहो,

सादर नमस्कार.

बेडूक, भेक, सॅलॅमँडर (पालीसारखे दिसणारे शेपटीवाले) आणि देवगांडूळ (गांडुळासारखे दिसणारे बिनपायांचे) या उभयचर प्राण्यांचे जीवशास्त्र, त्यांचे रोग आणि त्यांच्यावरची संकटे यांविषयीच्या कोणत्या संशोधनाला पैसे मिळावेत हे ज्या ज्या समित्यांच्या बैठकीत ठरते, त्या सगळ्यांना उद्देशून मी हे पत्र लिहीत आहे. कोणा एका समितीविरुद्धची तक्रार म्हणून ते वाचले जाऊ नये. मात्र त्याला निमित्त घडले ते एका समितीच्या शेऱ्याचेच. गेली काही वर्षे मी आणि माझे सहकारी एकाच ओढ्याच्या त्याच त्या टप्प्यावर, त्याच हंगामात आणि त्याच पद्धतीने रात्री बेडकांची मोजणी करतो. ती पुढे चालू ठेवता यावी म्हणून आम्ही अर्ज केला होता. तो परत आला तेव्हा त्यावर एका ओळीचा अभिप्राय होता: ‘प्रस्ताव नीट मांडला आहे, पण यात नवीन काय?’ प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘काहीही नाही’ असेच आहे. गेल्या वर्षी जे केले तेच या वर्षी करायचे, एवढेच आम्ही मागितले होते. ते तसेच का असायला हवे, हे अर्जाच्या चौकटीत मावण्यासारखे नव्हते, म्हणून इथे सविस्तर मांडते.

जगातील उभयचरांचे पहिले सर्वंकष मूल्यमापन २००४ साली झाले, तेव्हा ५,७४३ जाती तपासल्या गेल्या आणि त्यांतील जवळपास एक तृतीयांश जाती धोक्यात असल्याचे दिसले. दुसरे मूल्यमापन २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात ८,०११ जाती होत्या आणि धोक्यातील जातींचे प्रमाण ४०.७ टक्क्यांवर गेले होते. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या कोणत्याही वर्गाची अवस्था इतकी बिकट नाही. हे आकडे आपल्याला एव्हाना पाठ झाले असतील, कारण आम्ही सगळेच आपापल्या अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात ते लिहितो. त्याच मूल्यमापनातली दुसरी एक गोष्ट मात्र आम्ही फारशी लिहीत नाही. साधारण दर नऊ जातींमागे एका जातीसमोर तिथे ‘माहिती अपुरी’ असा शेरा आहे. त्या जाती सुखरूप आहेत की संपत आल्या आहेत हे कोणीच सांगू शकत नाही, कारण त्या जिथे राहतात तिथे पुन्हा पुन्हा जाऊन कोणी मोजलेलेच नाही.

एकदा मोजणे आणि पुन्हा पुन्हा मोजणे यांतला फरक या क्षेत्राला फार महागात पडून कळला. कोस्टा रिकातील मोंतेवेर्देच्या मेघारण्यात राहणाऱ्या सोनेरी भेकाला शास्त्रीय नाव मिळाले ते १९६६ साली. १९८७ च्या विणीच्या हंगामात दीड हजारांहून अधिक प्रौढ भेक तिथल्या डबक्यांवर जमलेले उभयचरांच्या अभ्यासक मार्था क्रंप यांनी पाहिले. पुढच्या वर्षी विणीच्या मुख्य जागेवर एक भेक दिसला, १९८९ मध्ये पुन्हा एकच, आणि त्यानंतर आजवर एकही नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधील कँटरबरी येथे सरीसृप आणि उभयचर यांच्या अभ्यासकांची पहिली जागतिक परिषद भरली होती. आपल्याकडचे बेडूक दिसेनासे झाले आहेत असे वेगवेगळ्या खंडांवरचे लोक तिथे एकमेकांना सांगू लागले, तेव्हा प्रत्येकाला पहिल्यांदाच जाणवले की ही गोष्ट आपल्या एकट्याच्या तळ्यापुरती नाही.

पण तेव्हा ते सिद्ध कसे करणार? बेडकांची संख्या मुळातच लहरी असते. एखाद्या वर्षी तळे लवकर आटले तर एकही पिल्लू बाहेर पडत नाही आणि पुढच्या भरघोस पावसाच्या वर्षी काठावर पाय ठेवायला जागा उरत नाही. दक्षिण कॅरोलायनातील रेनबो बे नावाच्या हंगामी तळ्याभोवती १९७८ पासून पत्र्याचे ठेंगणे कुंपण घातलेले होते. त्याच्या कडेने जमिनीत बादल्या पुरलेल्या होत्या. आत जाणारा आणि बाहेर पडणारा प्रत्येक जीव कुंपणाला अडून बादलीत पडायचा आणि रोज कोणीतरी जाऊन तो मोजून पलीकडे सोडून द्यायचे. रोज, असे बारा वर्षे. तीन प्रकारचे सॅलॅमँडर आणि एक बेडूक यांच्या त्या नोंदींवरून १९९१ मध्ये एवढेच म्हणता आले की संख्येतले नैसर्गिक चढउतार प्रचंड असतात आणि माणसामुळे झालेली घट त्यांतून वेगळी काढणे अत्यंत कठीण आहे. वरवर पाहता हा निष्कर्ष निराश करणारा वाटेल. माझ्या मते या विषयातल्या सर्वाधिक उपयोगी निष्कर्षांपैकी तो एक आहे, कारण तीन वर्षांच्या प्रकल्पातून बेडकांच्या घटीविषयी छातीठोकपणे काही सांगणाऱ्या प्रत्येकाला तो आरसा दाखवतो. आणि आपण मंजूर करता ते बहुतेक प्रकल्प तीन वर्षांचेच असतात.

आता रोगाकडे येते, कारण आपल्या समित्यांमध्ये रोगाच्या प्रस्तावांना तुलनेने चांगला प्रतिसाद मिळतो आणि ते योग्यही आहे. ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतील मेलेल्या बेडकांच्या त्वचेत एक अनोळखी बुरशी असल्याचे १९९८ साली जाहीर झाले. पुढच्याच वर्षी बुरशींच्या अभ्यासक जॉइस लाँगकोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातील एका निळ्या विषारी बेडकापासून वेगळी केलेली तीच बुरशी ‘बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबाटिडिस’ या नावाने वर्णन केली. आम्ही तिला बोलताना ‘बीडी’ म्हणतो. काइट्रिड कुळातल्या बहुतेक बुरश्या पाण्यात आणि मातीत कुजक्या पदार्थांवर निरुपद्रवीपणे जगतात. ही मात्र जिवंत प्राण्याच्या त्वचेत घर करते. तिच्या बीजाणूला एकच शेपूट असते. त्याच्या बळावर तो पाण्यात थोडे अंतर पोहतो, बेडकाच्या त्वचेला चिकटतो आणि वरच्या थरातील पेशींमध्ये शिरतो. तिथे त्याची गोल पिशवी होते, पिशवीत नवे बीजाणू तयार होतात आणि एका बारीक नळीतून ते बाहेर पडतात. काही पाण्यात जातात, काही त्याच बेडकाला पुन्हा चिकटतात. तिला केराटिन, म्हणजे त्वचा टणक करणारे प्रथिन, असलेल्या पेशी लागतात. बेडूकमाशाच्या अंगावर केराटिन नसते, ते फक्त तोंडाच्या भागांत असते, त्यामुळे बेडूकमासा सहसा मरत नाही. तो तोंडात बुरशी घेऊन वाढत राहतो. शेपूट गळून चार पायांवर काठावर येण्याच्या सुमारास त्याची सगळी त्वचा बुरशीला मोकळी होते, आणि तळे बेडूकमाशांनी भरलेले असूनही काठावर लहान बेडूक मरून पडलेले दिसतात ते त्यामुळे.

त्वचेच्या साध्या बुरशीने प्राणी मरतो कसा, हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता. बेडूक त्वचेतून पाणी पितो, त्वचेतून श्वास घेतो आणि सोडियम, पोटॅशियम यांसारख्या क्षारांचा समतोलही त्वचेतूनच राखतो. २००९ मध्ये एका हिरव्या ऑस्ट्रेलियन वृक्षबेडकावरील प्रयोगांत असे दिसले की बुरशी वाढत गेली की क्षारांची ही देवघेव बंद पडत जाते, रक्तातील सोडियम आणि पोटॅशियम खाली येतात आणि शेवटी हृदय थांबते. आजारी बेडकांना तोंडावाटे क्षार दिले तेव्हा ते काही काळ अधिक जगले. इतक्या सुबक प्रयोगाला निधी देणे कोणालाही आवडेल आणि आपण तो दिलाही पाहिजे. माझे म्हणणे पुढे आहे.

बुरशी बेडकाला कशी मारते हे प्रयोगशाळेने सांगितले. ती कुठून कुठे गेली, कधी गेली आणि तिच्या मागे काय उरले, हे मात्र अशा लोकांच्या कामातून कळले ज्यांना हे काम करताना त्या बुरशीचे नावही ठाऊक नव्हते. संग्रहालयांतल्या बरण्यांचे उदाहरण घ्या. कोणीतरी काही दशकांपूर्वी सॅलॅमँडर आणि बेडूक पकडले, फॉर्मॅलिनमध्ये ठेवले, चिठ्ठीवर जागा आणि तारीख लिहिली. त्या नमुन्यांच्या त्वचेवर कापसाचा बोळा फिरवून बुरशीचा डीएनए शोधता येतो हे २०११ मध्ये दाखवले गेले आणि साथीचा माग लागला: १९७० च्या दशकात दक्षिण मेक्सिको, १९८० आणि १९९० च्या दशकांत पश्चिम ग्वाटेमाला, १९८७ मध्ये मोंतेवेर्दे. सोनेरी भेक नाहीसा झाला तो काळ हाच. त्या भेकाच्या बाबतीत दुष्काळाचा वाटा किती आणि बुरशीचा किती हा वाद अजून मिटलेला नाही, पण वाद घालण्याजोगा पुरावा तरी हाती आला, आणि तो बरणीवरच्या चिठ्ठीमुळे आला. अशा संग्रहांच्या देखभालीचा खर्च आपल्या अर्जांमध्ये कोणत्या रकान्यात लिहायचा हे मला आजवर समजलेले नाही.

दुसरे उदाहरण पनामातील एल कोपे येथील आहे. साथ एका बाजूने सरकत येत आहे असा अंदाज उभयचरांच्या अभ्यासक कॅरेन लिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधला होता, म्हणून ती पोहोचण्याच्या आधीच, १९९८ पासून, तिथे ओढ्यांच्या आणि पायवाटांच्या ठरलेल्या टप्प्यांवर मोजणी सुरू झाली. साथ २००४ मध्ये आली. तोवर तिथे उभयचरांच्या ६३ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २००८ पर्यंत त्यांतल्या २५ दिसेनाशा झाल्या. साथीपूर्वी जमवून ठेवलेल्या ऊतींचा डीएनए नंतर तपासला तेव्हा आणखी काही जाती तिथे होत्या असे कळले, आणि त्यांतल्या पाच जाती नाव मिळण्याच्या आधीच गेलेल्या होत्या. आपण काय गमावले हे तरी यामुळे सांगता येते. ज्या ओढ्यांवर आधी कोणी गेलेच नव्हते, तिथे काय गमावले हेही सांगता येत नाही.

या नोंदवह्यांची गोष्ट इथे संपत नाही. बेडूक मोजायला गेलेले लोक वाटेत दिसलेले सापही लिहून ठेवत होते. त्यासाठी वेगळा प्रकल्प नव्हता, सवय होती इतकेच. २०२० मध्ये त्या नोंदींवरून असे दिसून आले की बेडूक गेल्यानंतर तिथला सापांचा समुदायही ढासळला. बऱ्याच जाती विरळ झाल्या आणि उरलेल्यांपैकी काहींची अंगकाठी खालावली. साप मोजणे मुळात अवघड असते, ते क्वचितच दिसतात. साथीच्या आधीची आणि नंतरची अशी कितीतरी वर्षांची मोजणी एकाच वाटेवर नसती, तर हा निष्कर्ष कोणालाही काढता आला नसता. आणि ‘बेडूक मोजताना आम्ही सापही लिहून ठेवू, कदाचित कधीतरी कामी येतील’ असे वाक्य अर्जात लिहिले असते, तर त्याचे काय झाले असते याचा अंदाज आपण करू शकता.

तिसरे उदाहरण शीतपेटीचे. साथीनंतर काही वर्षांनी पनामातल्या काही जाती पुन्हा दिसू लागल्या. मग स्वाभाविक शंका अशी की बुरशीच सौम्य झाली असेल. साथीच्या काळात वेगळी करून गोठवलेली बुरशी कोणीतरी जपून ठेवली होती, म्हणून ती आणि आजची बुरशी शेजारी शेजारी ठेवून तपासता आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून उत्तर निघाले की बुरशी पूर्वीइतकीच घातक आहे. काही जातींच्या त्वचेतले संरक्षण मात्र साथीपूर्वीपेक्षा प्रभावी झाले आहे. संवर्धनाच्या दृष्टीने या दोन शक्यतांमध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे. बुरशी सौम्य झाली असती तर पिंजऱ्यात वाढवलेले बेडूक बेलाशक जंगलात सोडता आले असते. प्रतिकार वाढला असेल, तर साथ न पाहिलेल्या आईबापांची पिल्ले सोडणे म्हणजे त्यांना मरायला सोडणे आहे.

जिथे अशा नोंदी नाहीत तिथे काय होते, हेही सांगायला हवे आणि इथे दोष आमच्या बाजूचाही आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार काइट्रिड बुरशीमुळे जगभरात किमान ५०१ जातींची घट झाली आणि त्यांपैकी ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. हा आकडा सगळीकडे गेला. मीही तो भाषणांत वापरला. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात दुसऱ्या संशोधकांनी आक्षेप घेतला की यांतल्या पुष्कळ जातींबाबत घट बुरशीमुळेच झाली असे म्हणायला पुरावा अपुरा आहे. मूळ लेखकांनी उत्तर दिले. ते उत्तर मला बऱ्याच अंशी पटते, कारण मेलेला बेडूक उष्ण प्रदेशात काही तासांत कुजून जातो आणि प्रत्येक जातीसाठी न्यायालयात टिकेल असा पुरावा मागणे अवाजवी आहे. तरी आक्षेप घेणाऱ्यांचे मूळ दुखणे खरे होते. बहुतेक जातींसाठी ‘आधी’ची नोंद नाही, ‘नंतर’ची तुटक आहे आणि मधली जागा तज्ज्ञांच्या आठवणींनी भरलेली आहे.

याच्या उलट, युरोपातील अग्निसॅलॅमँडरचे पाहा. नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला त्याच्या छोट्या वस्त्या होत्या आणि तिथल्या ठरावीक वाटांवर त्यांची नियमित मोजणी चालू होती. २००८ च्या सुमारास मेलेले सॅलॅमँडर सापडू लागले आणि पुढच्या काही वर्षांत मोजणीतला आकडा ९६ टक्क्यांनी खाली आला. मोजणी होती म्हणून घट लगेच लक्षात आली. घट लक्षात आली म्हणून शोध सुरू झाला. आणि २०१३ मध्ये बीडीची एक सख्खी बहीण सापडली, जिच्या जातिनामाचा अर्थच ‘सॅलॅमँडर खाणारी’ असा आहे. ती आशियातून आली असावी आणि तिथले काही सॅलॅमँडर तिला सहज सहन करतात. तिथल्याच, संग्रहालयात जपलेल्या दीडशे वर्षांहून जुन्या एका नमुन्यावर तिचा माग मिळाला आहे. जगातील सर्वाधिक सॅलॅमँडर ज्या खंडात आहेत त्या उत्तर अमेरिकेत ती पोहोचण्याच्या आधीच, जानेवारी २०१६ मध्ये, अमेरिकेने २० प्रजातींमधील (जवळच्या जातींच्या गटांमधील) २०१ जातींच्या सॅलॅमँडरच्या आयातीवर निर्बंध घातले. पाळीव प्राण्यांच्या व्यापाराविरुद्ध सरकार रोग येण्याआधी हलल्याची उदाहरणे विरळा आहेत. इथे ती साखळी एका छोट्या जंगलातल्या वाटेपासून सुरू झाली होती.

आता थोडे आमच्या हातांबद्दल. एका बेडकाची रोगासाठी तपासणी कशी होते, ते जवळून पाहिल्याशिवाय अर्जातला ‘उपभोग्य साहित्य’ हा रकाना फुगवलेला वाटतो. प्रत्येक बेडकासाठी नवा हातमोजा चढवायचा. बेडूक उताणा धरून पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूंना आणि मागच्या पायांच्या पडद्यांवर निर्जंतुक स्वॅब (कापसाचा बोळा लावलेली काडी) ठरलेल्या वेळा फिरवायचा, स्वॅबचे टोक फिरवत राहायचे म्हणजे सगळ्या बाजूंना त्वचा लागते. मग ते टोक कुपीत मोडून टाकायचे आणि कुपीवरची चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, कारण अल्कोहोलचा एक थेंब पडला तरी शाई वाहून जाते. पहिल्या वर्षी आम्ही ती पेनने लिहिली होती. एका रात्रीच्या कुप्यांचे काय झाले ते सांगत नाही. मोजा टाकायचा, पुढचा बेडूक, नवा मोजा. एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी बुटांचे तळ घासायचे, जाळी आणि बूट जंतुनाशकात बुडवायचे आणि शक्य असेल तर पूर्ण वाळू द्यायचे. तळ्याच्या पाण्यात ही बुरशी आठवडेच्या आठवडे तग धरते, पण पूर्ण कोरडे होणे तिला सोसत नाही. हा सगळा खर्च ‘कमी करता येईल का’ असे आम्हाला विचारले जाते. करता येईल. मग रोग पसरवणारे आम्हीच होऊ.

हे धाक दाखवण्यासाठी लिहिलेले वाक्य नाही. असे घडून गेले आहे. मायोर्का बेटावरचा सुईण-भेक आधी जीवाश्मांवरून ठाऊक झाला आणि मग डोंगरातल्या घळींमध्ये जिवंत सापडला. त्याला वाचवण्यासाठी बंदिस्त जागेत वाढवून पुन्हा बेटावर सोडण्यात आले, आणि त्या बंदिस्त जागेत आफ्रिकेतल्या दुसऱ्या बेडकांकडून लागलेली बीडी त्याच्याबरोबर बेटावर गेली. वाचवणाऱ्यांनीच रोग पोहोचवला हे त्या लोकांनी स्वतः शोधून प्रसिद्ध केले, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. पुढे त्यांनीच घळींतले बेडूकमासे गोळा करून त्यांना बुरशीनाशक औषधाच्या पाण्यात ठेवले. ते बरे झाले, परत सोडले आणि पुन्हा आजारी पडले. मग डबकी रिकामी करून खडकही जंतुनाशकाने धुतले. २०१५ मध्ये त्यांनी कळवले की त्या डबक्यांतून बुरशी गेली आहे आणि परतलेली नाही. ‘परतलेली नाही’ हे शब्द लिहिता येण्यासाठी उपचारानंतरही वर्षानुवर्षे तिथे जाऊन स्वॅब घ्यावे लागले. उपचाराला पैसे मिळणे सोपे असते. नंतरच्या फेऱ्यांना कोण देतो?

माझ्या बाजूवर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी टाळणार नाही. नुसती मोजणी करून कोणताही बेडूक वाचत नाही. उलट, मोजत बसलो आणि त्या वहीत जात नाहीशी होताना नोंदवली, एवढेच हाती राहिले, असे अनेक ठिकाणी घडले आहे. हे खरे आहे. म्हणून मी उपचार, पैदास किंवा अधिवास वाचवण्याचे पैसे काढून मोजणीला द्या असे म्हणत नाही. पण यातला कोणता उपाय लागू पडला हे कळायचे कसे? कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात पिवळ्या पायांच्या बेडकांची संख्या, तलावांत सोडलेले मासे आणि बीडी या दोन्हींनी खाली आली होती. वीस वर्षांत केलेल्या सात हजारांहून अधिक सर्वेक्षणांवरून २०१६ मध्ये असे दाखवता आले की ती संख्या सुमारे सात पटींनी वाढली आहे, आणि वाढ बुरशी असतानाच झाली आहे. त्याच्या जोडीने एक धाडसही झाले: जे बेडूक बुरशीसह जगायला शिकले आहेत, तेच रिकाम्या तलावांत नेऊन सोडायचे. तेही बऱ्याच तलावांत जमले. ऑस्ट्रेलियातील हिरव्या-सोनेरी बेडकांसाठी तर उपाय अगदी साधा निघाला. बीडीला ऊब मानवत नाही, म्हणून छोट्या हरितगृहात भोकांच्या विटा रचून ठेवायच्या. उन्हाने त्या तापतात आणि बेडूक आपणहून भोकांत जाऊन बसतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अशा उबेत बसलेल्या बेडकांचा संसर्ग उतरला आणि एकदा बरे झालेले बेडूक पुढे अधिक प्रतिकारक्षम राहिले. विटांना फारसा खर्च येत नाही. मात्र मोकळ्या तळ्याकाठी त्यांनी खरोखरच बेडकांची संख्या वाढते का, याचे उत्तर पुन्हा कोणाच्या तरी वहीतच सापडणार आहे.

एक गोष्ट जाता जाता. रोगावर मी इतके लिहिले यावरून रोग हाच मोठा धोका असे वाटू नये. सर्वाधिक जातींना ग्रासणारा धोका आजही अधिवास नष्ट होणे हाच आहे, आणि त्यात शेतीचा वाटा मोठा आहे. २००४ नंतर ज्या जातींची स्थिती खालावली, त्यांतील ३९ टक्के जातींच्या बाबतीत मुख्य कारण हवामानबदल असल्याचे २०२३ च्या मूल्यमापनात म्हटले आहे. यांपैकी एकालाही सूक्ष्मदर्शकाखालच्या बुरशीचे नाट्य नाही. ती वर्षागणिक इंचाइंचाने होणारी घसरण आहे, आणि म्हणूनच तिच्यासाठी तर दीर्घ मोजणीला दुसरा पर्यायच नाही.

आपल्याकडे माझे मागणे फार मोठे नाही. एकूण निधीतला छोटा हिस्सा अशा कामासाठी बाजूला असावा ज्याची मुदत किमान दहा वर्षे असेल आणि ज्याच्या नूतनीकरणासाठी नवी कल्पना मागितली जाणार नाही. त्याऐवजी नोंदी वेळेवर झाल्या का, पद्धत तीच राहिली का आणि कच्ची आकडेवारी सर्वांना खुली केली का, एवढेच विचारले जाईल. ज्या रात्री एकही बेडूक दिसला नाही त्या रात्रीची नोंद ही अपयशाची नोंद मानली जाऊ नये. आमच्या वहीत तो शून्य सर्वांत महत्त्वाचा असतो. नमुने, ऊती आणि गोठवलेली बुरशी प्रकल्प संपल्यावर कुठे जाणार आणि त्यांच्या विजेचे बिल कोण भरणार, हे मंजुरीच्या वेळीच ठरलेले असावे. हातमोजे आणि जंतुनाशक यांना कात्री लावू नये. आणि परीक्षकांच्या यादीत, आयुष्यात एकदा तरी एकाच तळ्यावर सलग दहा हंगाम काढलेली एखादी व्यक्ती असावी. तिला आमच्या अर्जांतल्या त्रुटीही इतरांपेक्षा लवकर दिसतील, आणि आम्हाला ते चालेल.

परीक्षकांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘नवीनता’ या निकषाशेजारी ‘सातत्य’ असा एक निकष घालण्यासाठी मी एक पानाचा मसुदा तयार केला आहे. ज्या समितीला तो हवा असेल तिला मी आनंदाने पाठवीन. आमचा अर्ज पुढच्या फेरीत पुन्हा आपल्यापुढे येईल. ‘यात नवीन काय?’ या रकान्यात या वेळी मी ‘पुढचे वर्ष’ असे लिहिणार आहे.

आपली नम्र,
उभयचरांची मोजणी करणारी एक संशोधक